मालकीचा रकाना

कुळ्याच्या पुढे, घाट लागायच्या अलीकडे,
रुळांपासून चाळीस पावलांवर
एक दगडी खोली आहे. किल्ली माझ्याकडे असते.

नकाशात ती गोदाम आहे.
पहिल्यापासूनच.
पोर्तुगेज कायदाच तसा होता, म्हणायचे:
परक्यांनी आपला देव खुशाल भजावा,
पण घर बाहेरून देवाचं दिसता कामा नये.
म्हणून शिखर नाही, क्रूस नाही,
आणि घंटेच्या जागी
फणसाला टांगलेला हातभर रूळ.
विचारलंच कुणी, तर मजुरांना बोलवायला.

स्कॉटलंडची माणसं ती. डोंगरात लोखंड अंथरायला आली.
धुकं उतरलं की गप्प व्हायची,
धुक्यात त्यांना आपलं गाव दिसायचं,
ऊन पडलं की पुन्हा कुळे.
नाचणीची पेज मीठ घालून
उभ्या उभ्या प्यायची. तेवढ्यावरून
आमच्या वाड्याने त्यांना अर्धं आपलं मानलं.

पणजी एकदा आत डोकावली.
चुन्याच्या भिंती, बाद स्लीपरांचे बाक,
टेबलावर एक जाड पुस्तक. बस.
"देव खंय गेला?"
पणजो, बाबलो वेळीप, म्हणाला,
"गायला लागले की येतो."
पेटीसुद्धा चालायची नाही त्यांना.
एकानं ओळ सोडायची, बाकीच्यांनी उचलायची,
आमच्या मांडावर असतं तसंच,
फक्त त्यांची ओळ वर चढता चढता मध्येच वाकायची,
वळणावर गाडीला स्वतःचं शेपूट दिसावं तशी.

भाकर मोडायच्या दिवशी शिशाचे बिल्ले वाटत.
बिल्ला असेल त्यालाच पंगत.
पणज्याला तो दिला होता की सापडला होता
यावर घरात अजून भांडण आहे.
नाव त्यानं बदललं नाही. शिगम्याला नाचला,
रविवारी रूळ वाजवला.

मग तापाचं वर्ष. मागच्या बाजूला
चार खड्डे, त्यातले तीन आखूड.
कारवारच्या पाथरवटाला त्यांची अक्षरं येत नव्हती,
जेसीच्या नावातलं एक आरशातल्यासारखं उलटं पडलं.
तिच्या आईनं ते दुरुस्त करू दिलं नाही.

लाइन पुरी झाली. माणसं पुढच्या डोंगरांकडे गेली.
शेवटी मॅक्फेल. किल्ली पणज्याच्या हातावर ठेवून म्हणाला,
पावसानंतर बघू.
पणज्यानं पाऊस मोजले. मग आज्यानं.
बाप गँगमन होता, त्यानं मोजायचं सोडलं
आणि दर वैशाखात कौलं तेवढी चाळली.

गेल्या मंगळवारी दुपदरीकरणाचा माणूस आला,
लाल रंगाचा डबा घेऊन.
"मालक कोण?"
मी किल्ली दाखवली.
"किल्ली म्हणजे कागद नव्हे, बाई.
गोदाम आहे ना हे? आत काय ठेवता?"
मी दार उघडलं.
तो बूट काढू लागला,
मग कशासाठी काढतोय ते न कळून
एक बूट हातात घेऊन उभा राहिला.

बाकावरचा शिक्का त्यानं ओळखला. "हे रेल्वेचं."
फणसाखाली वर बघून, "हाही आमचाच."
खरंच होतं ते.
मागे मात्र जेसीच्या दगडापाशी
बराच वेळ उकिडवा बसला, उलट्या अक्षरावर बोट फिरवलं,
आणि मालकीचा रकाना
कोरा सोडून पुढच्या पानावर गेला.

जाताना पाणी मागितलं. भिंतीवर आकडा घातला: सत्तेचाळीस.

रविवारी मी रूळ वाजवला, तीनदा.
शेजारची म्हातारी खुरपं घेऊन वळली, पुन्हा वाकली.
वरून कोळशाची गाडी उतरत होती, संपता संपेना.
ती जाईपर्यंत मी उंबऱ्यातच थांबले,
मग कुलपाला खोबरेल घातलं.